दहावी पास झाला म्हणजे परदेशात सुरक्षित झाला का?

मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना थायलंडमार्गे मायदेशी आणले. म्यानमारच्या सीमेवरील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत ते अडकले होते. थायलंडमधील आयटी नोकऱ्यांच्या नावाखाली हा सापळा लावला जातो, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच दिला होता. मग मुले फसतात कशी?

१९८३ च्या कायद्यानुसार दहावी न झालेल्यांना १८ देशांत कामाला जाताना सरकारी परवानगी लागते. दहावी झाली की ही तपासणी संपली. म्यानमार, लाओस, कंबोडिया त्या यादीतच नाहीत. थायलंड आहे, पण एजंट टुरिस्ट व्हिसावर पाठवतो. म्हणजे आपल्या वस्तीतला, घरात पहिल्यांदाच बारावी किंवा आयटीआय झालेला मुलगा सरकारच्या लेखी स्वतःची काळजी घ्यायला समर्थ! त्याला सल्ला मिळतो, संरक्षण नाही. आणि तो सल्लाही बहुधा इंग्रजीत, दिल्लीच्या संकेतस्थळावर.

मंचर-घोडेगाव पट्ट्यातली मुले चाकणच्या कंत्राटी कामाला कंटाळून बाहेर पाहतात, यात गैर काही नाही. पण एजंट नोंदणीकृत आहे का, हे ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासता येते. त्याला ३०,००० रुपये आणि जीएसटीपेक्षा जास्त फी घेता येत नाही. टुरिस्ट व्हिसावर नोकरी सांगणाऱ्याला तिथेच नकार द्यावा. कुणी अडकलाच, तर घरच्यांनी ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी.

पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात दहा मिनिटे काढून हे मोबाइलवर उघडून दाखवा, असे आम्ही आंबेगाव-जुन्नरच्या कार्यकर्त्यांना सुचवतो.