तेल तापेपर्यंत

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी आईने फोनवर दोनदा विचारलं, "गाडी विकलीस का रे? हल्ली फोटो टाकत नाहीस." विकली नाही गं, तिचं इंजिन खोललं होतं. आणि चूक माझीच होती, म्हणून गप्प होतो. आता सांगून टाकतो.

गाडी म्हणजे तीच, दोन सीटांची, जुनी. घेतल्यापासून मला भीती एकाच गोष्टीची, इंजिन तापण्याची. न्युर्बुर्गरिंगचा 20.8 किलोमीटरचा जुना ट्रॅक पैसे भरून कुणालाही चालवता येतो. तिथे गेलो तेव्हा अर्धं लक्ष वळणांवर आणि अर्धं तापमानाच्या काट्यावर. काटा मधोमध. मी खूश!

मग या हिवाळ्यात इंजिनातून टकटक आवाज यायला लागला. म्हाताऱ्या मेकॅनिकने इंजिन खोललं आणि बेअरिंगच्या वाट्या माझ्या हातावर ठेवल्या. वरचा राखाडी थर झिजून खालचं तांबं दिसत होतं. त्याने एवढंच विचारलं, "घरापासून ऑटोबान किती लांब?"

"दोन किलोमीटर."

त्याने नुसती मान हलवली.

घरातून निघायचं, तीन मिनिटांत ऑटोबानवर आणि लगेच पाय दाबायचा, हा माझा रोजचा क्रम. तेवढ्यात पाण्याचा काटा वर सरकू लागलेला असायचा. पण तो काटा पाण्याचा, तेलाचा नव्हे! पाणी लवकर तापतं. तेलाला साधारण दुप्पट वेळ लागतो, कडक थंडीत पंधरा-वीस मिनिटंसुद्धा. शिवाय बऱ्याच गाड्यांत पाण्याचा काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की थोडंफार कमी-जास्त झालं तरी तो मधोमधच राहतो. चालकाने उगाच घाबरू नये म्हणून.

लहानपणी थंडीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवायचो, आठवतंय? इंजिनचं तेल तसं गोठत नाही, पण जड नक्की होतं. आणि ज्या बेअरिंगवर सगळा भार, त्याच्या फटी केसाहून बारीक. तिथे जड तेल पुरेसं पोचायच्या आत आपण सहा-सात हजार फेरे मागतो.

माझं मत असं, की स्पोर्ट्स कारवाले उष्णतेची चर्चा फार करतात आणि थंडीची फारच कमी. उष्णता वाईट नाही असं नाही. 90 ते 110 अंश उत्तम. ट्रॅकवर 120 झालं तरी चांगलं सिंथेटिक तेल सहन करतं. 130 च्या पुढे मात्र तेल पातळ होऊन दाब उतरतो, तेव्हा वरचा गिअर टाकून फेरे कमी करावेत आणि एक राउंड शांतपणे मारावा. पण हे किती जणांच्या वाट्याला येतं? वर्षातून दोनदा. गार इंजिन रोज सकाळी वाट्याला येतं.

म्हणून मोठा ऑइल कूलर लावायच्या सल्ल्याचाही मी आता चटकन स्वीकार करत नाही. थर्मोस्टॅट नसलेला कूलर लावला तर थंडीत तेल धड तापतच नाही, आणि आत जमलेलं पाणी व पेट्रोल उडून जायला तेल चांगलं तापावंच लागतं.

ज्यांना हे कळत होतं त्यांनी सोयही केली होती. 1998 पर्यंतची एअर-कूल्ड पोर्शे 911 मुख्यतः हवा आणि तेलावरच थंड व्हायची, तिच्या डॅशबोर्डवर तेलाच्या तापमानाचा काटा असायचा. 2000 साली आलेल्या बीएमडब्ल्यू एम3 मध्ये तर फेऱ्यांच्या मीटरवर दिवे होते, तेल तापेल तसे एकेक करून विझणारे. त्याहून सोपं काय सांगायचं चालकाला? असा काटा प्रत्येक स्पोर्ट्स कारमध्ये हवाच. मी आता माझ्या गाडीत बाहेरून बसवून घेतलाय.

बाबा फियाटचा चोक ओढून पाच मिनिटं अंगणात उभे राहायचे. आम्ही शाळेला उशीर होतो म्हणून कटकट करायचो. "जरा जागी होऊ दे तिला," एवढंच म्हणायचे. इथे जर्मनीत उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण चालू ठेवायला बंदी आहे. आणि त्याने तेल तापतही फार हळू. आजच्या गाडीला लगेच निघावं, पण हलक्या पायाने. तेव्हा बाबा, तुमची पद्धत जुनी झाली, तुमचं म्हणणं नाही.

आता मी ऑटोबान सोडून गावातल्या रस्त्याने पंधरा मिनिटं जास्तीची जातो. शेजारून डिलिव्हरीच्या व्हॅनसुद्धा पुढे जातात. जाऊ देत. 80 अंश दिसेपर्यंत मला कसली घाई नाही.

आई, फोटो रविवारी टाकतो.