ट्रेडमिल घेताय? आधी प्लग बघा



परवा जुन्या युनिटच्या एका निवृत्त सुभेदार साहेबांचा फोन आला. "सर, मुलगा ट्रेडमिल घेऊन देतोय. चार एचपीची आहे. घेऊ का?"

मी म्हटलं, "साहेब, तिचा प्लग किती अँपिअरचा आहे ते आधी विचारा."

ते हसले. मला हसू आलं नाही, कारण हा धडा आमच्या घराला महाग पडलाय.

तेव्हा पोस्टिंग होती बिन्नागुडीला, उत्तर बंगालच्या दुआर्समध्ये. पावसाळ्यात तिथे पाऊस दिवसेंदिवस थांबत नाही आणि पहाटे हत्ती छावणीत शिरले की धावणं बंद. पोट सुटायला लागलं. मी खोक्यावरचा ४ एचपीचा आकडा बघून मशीन उचललं.

आता हिशोब करा. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. चार एचपी म्हणजे जवळपास ३००० वॅट. माझ्या मशीनला होता ६ अँपिअरचा छोटा प्लग. २३० व्होल्टला त्यातून मिळतात फार तर १३८० वॅट, म्हणजे दोन एचपीसुद्धा नाही. मग उरलेली ताकद कुठून येणार होती? खोक्यावरचा आकडा 'पीक' असतो, क्षणभराचा. मोटर सतत किती ओढते तो आकडा वेगळा, आणि तो बारीक अक्षरात. ही सरळ सरळ धूळफेक आहे. पण नकाशावर एक कंटूर चुकला तर कॅडेटला रगडा लावणारा मी, खोक्यावरच्या एका आकड्यावर विश्वास ठेवून बसलो, त्याला काय म्हणायचं?

पट्टा होता सोळा इंच रुंद. पाच किलोमीटर २५ मिनिटांत म्हणजे ताशी १२ किलोमीटर. त्या वेगाला मोटर गुरगुरायची आणि पाय कडेला लागायचा. दोन महिन्यांत मशीनवर पीटीचे कपडे वाळायला लागले.

इथवर नुकसान फक्त पैशांचं होतं. बदली झाली तेव्हा मी ते मशीन सामानाच्या ट्रकमधून गावी, सातारा जिल्ह्यात, तात्यांकडे पाठवलं. तात्या निवृत्त हवालदार, वय ७३. रोज पहाटे ओढ्यापलीकडच्या देवळापर्यंत चालायचे, येताना पेन्शनरांच्या कट्ट्यावर चहा. मी फोनवर हुकूम सोडला, "रस्त्यावर ट्रक फार झालेत, आता घरातच चाला." त्यांनी हुकूम मानला.

तिसऱ्या आठवड्यात पाय पट्ट्याच्या कडेवर पडला. सेफ्टी कीची क्लिप शर्टाला न लावता दांड्याला लटकत होती. मनगट मोडलं. फोनवर म्हणाले, "मशीन चांगलं हाय रं, माझाच पाय चुकला."

नाही तात्या, चूक माझी होती. मी हजारो किलोमीटरवरून माझ्या ऐवजी एक वस्तू पाठवली आणि तुमचा रस्ता, कट्टा आणि चहा काढून घेतला.

ट्रेडमिल वाईट नाही. लेहचा हिवाळा, दिल्लीची नोव्हेंबरातली हवा, पहाटे एकटीला बाहेर पडता न येणारी बाई, इथे ती उपयोगीच आहे. पण ज्याच्या दारात धड रस्ता आहे त्याने आधी बूट घ्यावेत. मशीन घ्यायचंच असेल तर पीक नव्हे, सतत चालणारा एचपी विचारा: चालायला दीड-दोन, धावायला अडीच-तीन. धावणाऱ्याला पट्टा वीस इंच रुंद, पंचावन्न इंच लांब हवाच. म्हाताऱ्या माणसालाही रुंद पट्टा आणि लांब दांडे हवेत, कारण त्याचा तोल जातो. वजनाची मर्यादा तुमच्या वजनापेक्षा वीस किलो जास्त बघा. दुकानात स्वतःचे बूट घालून दहा मिनिटं चालून बघा. दुकानदार नाही म्हणाला तर बाहेर पडा. आणि क्लिप शर्टाला, दांड्याला नाही.

तात्यांचं मनगट जुळलं. मशीन भंगारात गेलं. ते पुन्हा देवळापर्यंत जातात.

साहेबांना शेवटी एवढंच म्हटलं, "मुलाला सांगा, मशीन राहू दे. सुट्टीत ये आणि महिनाभर माझ्याबरोबर चाल."

जय हिंद.