रेघ वाढली की रक्कम वाढते

चिनी लिपीत एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. तीन रेघा बीजिंगचा माणूस ‘सान’ वाचतो, सोलचा ‘साम’, टोकियोचा कधी ‘सान’ तर कधी ‘मि’. पण रेघेला रेघ जोडणं कुणालाही जमतं. एकावर उभी रेघ मारली की दहा होतात! म्हणून पैशाच्या व्यवहारात तिकडे मुद्दाम भरगच्च, खाडाखोड न जमणारी अंकचिन्हं वापरतात. जपानच्या १०,००० येनच्या नोटेवरचा ‘एक’ तसाच आहे. आपण चेकवर ‘अक्षरी रुपये’ लिहितो ते याच धास्तीने.

आडव्या रेघांचे अंक आपल्याला परके नाहीत. आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नरजवळच्या नाणेघाटात, सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणा मोजल्या आहेत. तिथेही एकाला एक आडवी रेघ, दोनाला दोन. पुढे हात भरभर चालू लागला, रेघा एकमेकींना जोडल्या गेल्या आणि आजचे २, ३ घडले.

हिशेबाच्या वहीत मात्र रेघा टिकल्या. बारामती-इंदापूरकडच्या एखाद्या जुन्या घरातली खतं काढून बघा. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. उभी रेघ पावाची, म्हणजे रुपयात चार आण्यांची; सुट्या आण्याला तिरकी-आडवी रेघ. आजच्या मुलासमोर हा कागद धरला तर दीडाचे तो सरळ एकशे अकरा वाचेल. यात त्याचा दोष नाही. पावकी, निमकी, सवायकी, दीडकी हे अपूर्णांकांचे पाढे आपणच शाळेतून घालवले.

इंदापूरला तर ही विद्या हरवणं परवडणारं नाही. १८३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांची नवी जमीनमोजणी याच तालुक्यापासून सुरू झाली आणि पुढे मुंबई इलाख्यात पसरली. त्या पद्धतीत जमिनीची प्रत आण्यांत ठरायची: सोळा आणे म्हणजे अव्वल, मग खाली उतरत जायचं. पिकाचा अंदाजही तसाच आण्यांत व्हायचा. सरकारी कागदावर आज त्याची ‘पैसेवारी’ झाली आहे, ती ५० पैशांच्या आत आली की दुष्काळाची चर्चा सुरू होते. पण पारावर अजून ‘यंदा आणेवारी किती लागली?’ असंच विचारतात. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले, तरी भावकीत हिस्सा ‘चार आणे’च असतो. आणि वाटणीचा वाद पेटला की शेवटी जुनाच कागद पुढे येतो. तो वाचणारा घरात कुणी उरलेला नसतो.

बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतल्या शिक्षकांना विनंती आहे: गावात जुना हिशेब वाचणारं कुणी वडीलधारं असेल तर त्यांना वर्गात बोलवा, मुलांकडून खतातले आकडे वाचून घ्या, शेजारी आजच्या अंकांत लिहून ठेवा. आणि घरच्यांनो, दिवाळीच्या साफसफाईत जुन्या वह्या रद्दीत घालू नका.