‘शक्यतो’

१० जानेवारी २०१२ रोजी केंद्र सरकारने एकाच ब्रँडचा माल विकणाऱ्या परदेशी दुकानदारांना भारतात शंभर टक्के मालकीची मुभा दिली. मुभेसोबत अट होती. परदेशी हिस्सा ५१ टक्क्यांच्या वर गेला, तर विकायच्या मालापैकी किमान ३० टक्के किमतीचा माल भारतातल्या लघुउद्योगांकडून, ग्रामोद्योगांकडून आणि कारागिरांकडून घ्यायचा. लघुउद्योग कुणाला म्हणायचे, तेही लिहून ठेवले होते. यंत्रसामग्रीत दहा लाख डॉलरपेक्षा जास्त पैसा नसलेला तो लघुउद्योग. अट सक्तीची होती.

जूनमध्ये इकिया या स्वीडनच्या फर्निचर कंपनीने अर्ज केला. सुमारे १०,५०० कोटी रुपये आणि २५ दुकाने, असा तो आराखडा होता. त्याबरोबरच ही अट जड जाते, असे कंपनीचे म्हणणे आले. २० सप्टेंबरला सरकारने अट बदलली. ३० टक्क्यांचा आकडा तसाच राहिला. लघुउद्योगांच्या जागी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग आले; ग्रामोद्योग, कारागीर हे शब्द जागेवरच राहिले. पण त्या सगळ्यांच्या आधी एक शब्द येऊन बसला. ‘शक्यतो’.

३० टक्के माल भारतातून घेणे सक्तीचेच राहिले; पण तो छोट्यांकडून घेण्याची जी अट जानेवारीत सक्तीची होती, ती सप्टेंबरात सूचना झाली. त्या एका शब्दाने उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरचे काय गेले, ते या तीन गावांत कुणी मोजले नाही.

उल्हासनगरचा फर्निचर बाजार नव्याने सांगायला नको. फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या बराकींत आलेल्या सिंधी निर्वासितांनी जे धंदे शून्यातून उभे केले, त्यातलाच हा एक. समोर दुकान आणि मागच्या गाळ्यात किंवा वरच्या मजल्यावर कारखाना. हाताखाली राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले कारागीर. कल्याणपासून कर्जतपर्यंत नवे घर घेतलेले कुटुंब पलंग-कपाटासाठी अजूनही आधी इथेच येते.

बदलापूरची एखादी बाई कागदावर माप लिहून आणते. साडेसहा फूट बाय सव्वापाच, कोपऱ्यात कॉलम चार इंच बाहेर. मिस्त्री कागद पाहतो आणि मापाआधी भलतेच विचारतो. ‘वहिनी, तळमजला का? नदीच्या अंगाला का?’ हो म्हटले की सांगतो, खालचे सहा इंच मरीन प्लायचे घ्या, पायाखाली दगडी पट्टी घाला. २००५चा पूर त्याला आठवतो. २७ जुलै २०१९चाही आठवतो, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात उभी राहिली, तो. पार्टिकल बोर्ड एकदा पाणी प्यायला की फुगतो, स्क्रू पकड सोडतो आणि कपाट पुन्हा उभे राहत नाही. हे ज्ञान कुठल्या कॅटलॉगात छापलेले नाही. ते त्याच्याकडे आहे, कारण फुगलेली कपाटे त्याने स्वतः टेम्पोत भरून परत आणली आहेत.

१८ डिसेंबर २०२० रोजी तुर्भ्याला इकियाचे दुकान उघडले. पाच लाख चौरस फुटांच्या वरचे. काटई आणि शीळफाट्यावरून गेले की या तिन्ही गावांना ते फार लांब नाही. लोक जातात. जायलाच हवे. किंमत लिहिलेली असते, घासाघीस नसते, न पटलेली वस्तू परत करता येते, आणि लहान खोलीचा विचार करून केलेली रचना उत्तम असते. त्या मालाला नावे ठेवण्याचे कारण नाही. कंपनीलाही नाही. तिने स्वतःच्या सोयीचे मागितले आणि कायद्याने दिले तेवढे घेतले. देणाऱ्याला मात्र विचारले पाहिजे, की तू दिलेस ते कुणाच्या ताटातले?

कारण देणे ‘शक्यतो’पाशी थांबले नाही. जानेवारी २०१८मध्ये सवलत मिळाली, की कंपनी जगभरच्या दुकानांसाठी भारतातून जी वाढीव खरेदी करेल, ती पाच वर्षे या ३० टक्क्यांत धरावी. ऑगस्ट २०१९मध्ये आणखी पुढची पायरी आली. भारतातून केलेली सगळीच खरेदी धरावी, माल इथे विकला काय किंवा बाहेर पाठवला काय. आता इकिया भारतातून गालिचे आणि कापड घेते, ते काही कालपरवापासून नाही. हैदराबादला पहिले दुकान ९ ऑगस्ट २०१८ रोजी उघडले, त्याच्या कितीतरी आधीपासून, तीन दशकांहून अधिक काळ ही खरेदी चालू होती. म्हणजे पूर्वीपासून जे चाललेच होते, त्याच जातीच्या खरेदीने अट पुरी करायची वाट मोकळी झाली. इथे विकल्या जाणाऱ्या कपाटातली एक फळीही इथल्या सुताराच्या हातून गेली पाहिजे, असे कायदा आता म्हणत नाही.

अट सक्तीची असली की काय होते, याचा पुरावा अंबरनाथमध्येच आहे. १९२२मध्ये बाहेरून येणाऱ्या काडेपेट्यांवरची जकात ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया झाली. मालाच्या किमतीपेक्षाही ती जास्त होती. तिच्यात ‘शक्यतो’ नव्हते. स्वीडनच्या काडेपेटी कंपनीला भारताची बाजारपेठ सोडायची नव्हती. मग दुसऱ्याच वर्षी वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विम्को, निघाली आणि अंबरनाथला कारखाना उभा राहिला. अंबरनाथच्या कितीतरी घरांची चूल त्या काडीवर पेटली. ती स्वीडिश कंपनी काही दानशूर नव्हती. देशी कारखानदारांना ती गिळते आहे, अशा तक्रारी तेव्हा झाल्या आणि त्या खोट्या नव्हत्या. पण माल विकायचा तर तो इथे, इथल्या माणसांकडून बनवून घ्यावा लागला. आज कारखाना राहिलेला नाही. विम्को नाका हे नाव मात्र रिक्षावाल्याला सांगितले की पुरते.

इकियाचे संस्थापक इंग्वार काम्प्राड यांचा पहिला धंदाही काडेपेट्यांचाच. लहानपणी स्टॉकहोमहून घाऊक भावाने पेट्या मागवायच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सुट्या विकायच्या. त्यांच्याच देशाच्या, स्वीडनच्या कंपनीच्या काड्या अंबरनाथला गावकऱ्यांच्या हातांनी भरल्या जात. आणि आज त्याच देशाचे कपाट अंबरनाथमध्ये येते, तेव्हा गावकऱ्याच्या हाताला काम उरते ते खोका जिन्यावरून वर नेण्याचे, फार तर आतले स्क्रू पिळण्याचे.

यावर एक उत्तर ठरलेले असते. उल्हासनगरच्या गाळ्यातला माल अशा दुकानाच्या कसोटीला उतरत नाही. बरोबर आहे, उतरत नाही. त्यांना एकसारखे हजारो नग लागतात. लाकूड कुठल्या जंगलातले, याचे कागद लागतात. फळीतल्या रसायनाची आणि ती पेलणाऱ्या वजनाची चाचणी लागते. मजुरांचे तास आणि वय यांची नोंद लागते. आपल्याकडे लाकूड पावसाळ्यात बाहेरच वाळत पडते आणि हिशेब कच्च्या पावतीवर चालतो. यातली मजुरांच्या नोंदीची अट तर आपण त्यांची वाट न पाहता स्वतःहून पाळायला हवी होती. पण जानेवारी २०१२ची अट टिकली असती, तर ही दरी भरण्याची गरज कंपनीलाच पडली असती. ३० टक्के माल छोट्यांकडूनच घ्यायचा म्हटल्यावर तिने छोट्यांना शिकवले असते, यंत्रे घ्यायला मदत केली असती, चार-सहा गाळ्यांना एकत्र बांधले असते. पुरवठादार घडवणे तिला जगभर उत्तम जमते. इथे तिला त्याची सक्तीच उरली नाही.

म्हणून मागणी नेमकी असावी. ३० टक्क्यांतले निदान ५ टक्के ‘शक्यतो’च्या बाहेर काढा. ते छोट्या कारखान्यांचेच असतील, आणि दुकान फर्निचरचे असेल तर फर्निचरचेच असतील. तयारीसाठी तीन वर्षांची मुदत द्या. केंद्राच्या समूह विकास योजनेत सामाईक सुविधा केंद्राची तरतूद आहेच. अंबरनाथच्या एमआयडीसीत लाकूड सुकवण्याची एक भट्टी, कडपट्टी लावण्याचे एक मोठे यंत्र आणि फळीची चाचणी करणारी एक प्रयोगशाळा, एवढे पुरे आहे. हे एका गाळ्याच्या आवाक्यातले नाही. पन्नास गाळ्यांच्या आवाक्यात सहज येईल.

ही अट २०१२मध्ये बदलली, २०१८मध्ये बदलली, २०१९मध्ये बदलली. तिन्ही वेळा बदल मागणाऱ्यांचा आवाज दिल्लीपर्यंत पोचला. उल्हासनगरच्या मिस्त्रीपाशी कानामागची पेन्सिल आहे आणि नदीच्या अंगाच्या घरांची मापे आहेत. त्याच्या वतीने दिल्लीला जायचे काम इथून निवडून गेलेल्यांचे आहे. त्यांनी जाताना सरकारची १० जानेवारी आणि २० सप्टेंबर २०१२ची दोन्ही पत्रके सोबत न्यावीत आणि शेजारी शेजारी ठेवावीत.