एका भाषेनें एकी होते काय?



"देश एक, म्हणून भाषाहि एक पाहिजे," हा उपदेश आपणांस वरचेवर ऐकावा लागतो. ता. १६ एप्रिल २०२५ रोजीं तर महाराष्ट्र सरकारनें पहिलीपासूनच्या पोरांस हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. ओरड झाली. मग १७ जूनच्या ठरावांत सक्ती काढून 'सर्वसाधारणपणें' हा शब्द घातला, म्हणजे कुऱ्हाड तीच, दांडा तेवढा बदलला. अखेर २९ जूनला दोन्ही ठराव मागें घ्यावे लागले. ठराव गेले, पण त्यांच्या मागचें मत कांहीं गेलें नाहीं. तें मत खरें कीं खोटें, हें पाहण्यास दूर जावयास नको. आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यास विचारा.

१८०३ सालीं हा किल्ला शिंद्यांकडे होता. आदल्याच वर्षीं होळकरांनीं पुण्यापाशीं पेशवे व शिंदे यांच्या फौजा मोडल्या होत्या. पेशवे पळाले ते वसईस इंग्रजांच्या पदराखालीं शिरले. पुढें ऑगस्ट १८०३ मध्यें वेल्स्ली नगरावर चालून आला, तेव्हां पेशवे त्याचे दोस्त, होळकर अलग बसलेले, आणि थोडक्याच दिवसांत शहर व किल्ला दोन्ही इंग्रजांचे! या तिघां मराठी सरदारांत दुभाष्या लागत होता काय? मराठींतच बोलत, मराठींतच एकमेकांस शिव्या देत. भाषा एक होती. मतलब एक नव्हता.

त्याच किल्ल्यांत ऑगस्ट १९४२ मध्यें काँग्रेसचे बारा पुढारी आणून कोंडले. त्यांत वल्लभभाई गुजराती, पट्टाभि तेलुगु, घोष बंगाली, महताब उडिया, कृपलानी सिंधी, आणि शंकरराव देव आपले मराठी. नेहरूंनीं तेथें इंग्रजींत पुस्तक लिहिलें, मौलाना आझादांनीं उर्दूंत पत्रें लिहिलीं. भाषा इतक्या, पण तुरुंग एक व मागणें एक.

कोणी म्हणेल, ते शिकलेले लोक, त्यांस इंग्रजीचा आधार होता. बरें, मग शिर्डीस जा. आंध्र-तेलंगणाचे भक्त तेथें रोज येतात, आणि फुलें-प्रसाद विकणारा आपला माणूस त्यांच्याशीं तेलुगूंत भाव करतो. त्याला तेलुगु शिकविण्याचा ठराव कोणत्या सरकारनें केला होता? पोटानें शिकविलें, आणि तें शिकतांना त्याची मराठी कांहीं वाहून गेली नाहीं.

देश भाषा पुष्कळ असल्यानें तुटत नाहीं. एकच भाषा गादीवर बसवून तिच्या जोरावर नोकरी, फौज व तिजोरी थोडक्यांनीं बळकावली म्हणजे तुटतो. पाकिस्तानांत धर्म एक होता. मार्च १९४८ मध्यें जिना साहेबांनीं डाक्क्यास जाऊन सांगितलें कीं, राज्याची भाषा उर्दूच होणार. त्या देशांत निम्म्याहून अधिक लोक बंगाली बोलणारे! ता. २१ फेब्रुवारी १९५२ रोजीं बंगालीसाठीं उठलेल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. १९५६ मध्यें बंगालीसहि मान दिला, पण तोंवर मन विटलें होतें. १९७१ मध्यें बांगला देश निराळा झाला. उलट सोमालियांत भाषा एक, धर्म एक, आणि १९९१ पासून घरचींच माणसें एकमेकांच्या उरावर बसलीं.

येथें आपल्याहि ताटाखालचें पाहूं. पोटासाठीं आलेल्या परप्रांतीय मजुरास मराठी येत नाहीं म्हणून थोबाडींत देणारे वीर आहेत. अकोल्याच्या डोंगरांतील ठाकराच्या पोराची बोली ऐकून हंसणारेहि मराठीच बोलतात. दुसऱ्यानें लादलेली भाषा बोचते, तर आपली लादलेली गोड कशी लागेल?

परक्या भाषेच्या आडून कोणाचा धंदा चालतो, हें आपल्या आजापणजास पक्कें ठाऊक होतें. लग्न त्यांच्या पोराचें, मंत्र संस्कृतांत. नवरानवरीस अक्षर कळूं नये, आणि दक्षिणा मात्र रोकड मराठींत मोजावी! म्हणून जोतीरावांनीं मराठींत मंगलाष्टकें केलीं. तो भटजी आज काळा डगला घालून उच्च न्यायालयांत उभा आहे. खालच्या कोर्टांत मराठी चालते. पण संविधानाच्या ३४८ व्या कलमानें वरच्या कोर्टाचें काम इंग्रजींत. त्याच कलमांतली सवड घेऊन राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश व बिहार यांच्या उच्च न्यायालयांत हिंदीस वाट मिळाली. मराठीस ती मिळालेली नाहीं. एकीचें एवढें प्रेम, तर ही पंगतींतली वाढ दुजाभावाची कां?

नेवाशाचा शेतकरी बांधाच्या दाव्यापायीं औरंगाबाद खंडपीठापर्यंत जातो. एस.टी.चें भाडें त्याचें, वकिलाची फी त्याची, जमीन त्याची. मागच्या बाकावर दिवसभर बसून राहतो आणि वकील बाहेर आला कीं त्याच्या मागें धांवत विचारतो, "साहेब, काय म्हणाले हो?" ज्यांस देशांत एकी हवी आहे, त्यांनीं आधीं त्याच्या जमिनीचा निकाल त्याला कळेल अशा भाषेंत द्यावा. सहा वर्षांच्या पोराच्या पाटीस मग हात लावावा.