पुन्हा डिप्लोमा?

परवा दादाचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "अगं, एम.कॉम. झालीस, बँकेत अकरा वर्षं काढलीस, आणि आता या वयात परत डिप्लोमा? त्यापेक्षा चार पैसे जास्त घाल आणि एखाद्या चांगल्या युनिव्हर्सिटीत मास्टर्स तरी कर."

फोनवर हसून वेळ मारून नेली. पण बोलणं काही डोक्यातून जाईना. म्हणून हे लांबलचक उत्तर. दादा, तूही वाच!

तर, मी इथल्या कम्युनिटी कॉलेजात कॉम्प्युटर आणि नेटवर्क सिक्युरिटी शिकतेय. दोन वर्षांचा कोर्स, शेवटी असोसिएट डिग्री. ही कॉलेजं अमेरिकेत जुनी आहेत. आमच्याच इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ सालचं. फी बेताची, प्रवेशाला मार्कांची मारामारी नाही, आणि वर्ग संध्याकाळी. माझ्या एका बाजूला दिवसभर गोडाउनात फोर्कलिफ्ट चालवून आलेला मुलगा बसतो, दुसऱ्या बाजूला सैन्यातून निवृत्त झालेले एक आजोबा. मधे मी, डबा घेऊन.

पहिल्या सेमिस्टरला आम्ही काय केलं? केबल बनवल्या. आठ बारीक तारा, त्यांचा रंगांचा क्रम ठरलेला, त्या कनेक्टरमधे घालून चिमट्याने दाबायच्या. एक तार चुकली की कापा आणि परत करा. माझ्या पहिल्या तीन केबल कचऱ्यात गेल्या. पुढे वायरशार्क आलं. नेटवर्कवरून जाणारी पाकिटं उघडून दाखवणारा प्रोग्रॅम. सरांनी एकाला टेलनेटने लॉगिन करायला सांगितलं, आणि त्याचा पासवर्ड माझ्या स्क्रीनवर जसाच्या तसा उमटला. पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा! 'एन्क्रिप्शन का हवं' यावरची दहा पानं वाचून जे कळलं नसतं, ते त्या एका मिनिटात कळलं. अर्थात त्याआधी आमच्याकडून सही घेतली होती, की हे उद्योग लॅबच्या बाहेर कुणाच्याही नेटवर्कवर करणार नाही म्हणून.

पण खरी गंमत पुढेच आहे. पुस्तकात एक धडा होता, 'कामांची विभागणी'. एकाच माणसाच्या हातात सगळे अधिकार देऊ नयेत. वाचताना मला हसूच आलं. आमच्या बँकेत स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असायच्या, दोघांकडे. व्हाउचर करणारा एक, पास करणारा दुसरा. आणि संध्याकाळी पाच रुपये जरी जुळले नाहीत तरी कुणी घरी जायचं नाही. त्या पाच रुपयांसाठी किती बस चुकवल्यात मी!

१९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली लॅबमधे क्लिफर्ड स्टोल या माणसाला असंच काम मिळालं. कॉम्प्युटरच्या वापराच्या हिशोबात ७५ सेंट जुळत नव्हते, तेवढं शोधायचं. तो मूळचा खगोलशास्त्रज्ञ. दुसऱ्या कुणी 'जाऊ दे' म्हटलं असतं. त्याने माग काढला, आणि तो थेट पश्चिम जर्मनीतल्या एका हॅकरपर्यंत पोचला. तो चोरलेली माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकत होता. ७५ सेंटवरून!

मला म्हणायचंय ते एवढंच. सिनेमात हॅकर अंधाऱ्या खोलीत खटाखट बटणं दाबतो, त्यामुळे सिक्युरिटी म्हणजे अचाट बुद्धीचं काम असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते रोज रात्री गॅसचं बटण बंद आहे ना ते बघण्यासारखं काम आहे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्रायने ब्रिटनची हॉस्पिटलं अडवून ठेवली. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमधेच दिली होती. असंख्य ठिकाणी ती लावायची राहून गेली, बस्स. २०२१ साली कलोनियल पाइपलाइन बंद पडून इथल्या पूर्व किनाऱ्यावर पेट्रोलसाठी रांगा लागल्या. चोर आत शिरले ते एका जुन्या खात्याच्या पासवर्डवरून, आणि त्या खात्याला दुसरी तपासणीच नव्हती. म्हणजे दोन किल्ल्यांच्या जागी एकच!

नवं कुलूप घडवायला मोठं गणित लागतं, पीएचडी लागते, हे मान्य. पण कुलूप लावलंय का हे बघणारी माणसं त्याहून कितीतरी जास्त लागतात, आणि ती हाताने काम करून, चुकून, परत करूनच तयार होतात. आपल्याकडे आयटीआयला गेला म्हणजे मार्क कमी पडले असं धरून चालतात. इथेही कम्युनिटी कॉलेज म्हटलं की काहीजण नाक मुरडतात. पण सायबर सिक्युरिटीच्या शिक्षणासाठी इथली नॅशनल सिक्युरिटी एजन्सी ज्या कॉलेजांना मान्यता देते, त्यांत दोन वर्षांचीही आहेत.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. अगदी सुरुवातीच्या म्हणवल्या जाणाऱ्या नोकऱ्यांनाही तीन वर्षांचा अनुभव मागतात. बऱ्याच सरकारी कामांना नागरिकत्व लागतं. नुसत्या कागदावर कुणी खुर्ची देत नाही. कदाचित मला आधी हेल्पडेस्कवर बसून लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून द्यावे लागतील. बसेन.

इथे आल्यावर मी वर्षानुवर्षं फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात 'गृहिणी' लिहिलं. त्यात लाज नाही, पण बँकेतली ती अकरा वर्षं पुसली गेली असं मनातून वाटायचं. त्या धड्यापाशी कळलं, काही पुसलं गेलं नव्हतं. मी हेच काम करत होते, फक्त चोपड्या कागदाच्या होत्या.

तेव्हा दादा, हो. पुन्हा डिप्लोमा.

आणि हो, तुझ्या ईमेलचा पासवर्ड अजून वहिनीचं नाव आणि लग्नाचं वर्ष हाच असेल, तर आज रात्री बदल. बाकी फोनवर बोलूच.