गाणे मध्येच का थांबते?



या सदरात आपण बहुधा पीक, पाणी आणि खतमात्रा यांविषयीच बोलतो. आजचा विषय निराळा आहे. ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत लोहारा तालुक्यातील एका शेतावर गेलो होतो. कामाचे बोलणे आटोपून निघालो, तेव्हा घरच्या सूनबाई म्हणाल्या, "साहेब, शेतीचं न्हाई, पण एक इचारू का? घरात अभंग लावला की मधीच बंद पडतोय. आन् आमच्या आत्याबाई म्हणत्यात, मीच बंद करते म्हणून."

गाणे बंद पडते हे यंत्राचे दुखणे झाले. पण सासूला सुनेचा संशय येतो, हे घराचे दुखणे. मला त्याचीच काळजी जास्त वाटली. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.

घर जुने, दगडमातीचे. भिंती दोन-अडीच फूट रुंद. समोर अंगण, अंगणाच्या पलीकडे पत्र्याची एक खोली आणि तिच्या मागे गोठा. आजी राहतात त्या पत्र्याच्या खोलीत. उन्हाळ्यात तिथे भट्टी होते, तरी त्या दगडी घरात निजायला येत नाहीत. कारण आपल्या भागात कुणाला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून माणसे झोपली असताना भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत याच दगडमातीच्या भिंती आणि वरची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे ८ हजार माणसे गेली. मी त्या वेळी परभणीला शिकत होतो. पुढे ५२ गावे नव्या जागी वसली, सिमेंटची घरे आली. ज्यांची घरे उभी राहिली, ते त्याच घरांत राहिले. पण अनेकांनी अंगणात पत्रे ठोकले आणि झोपायला तिकडे गेले. या आजी त्यांतल्याच. आता त्यांची नजरही गेली आहे. दिवसभर सोबत म्हणजे नातवाने पुण्याहून पाठवलेला लहानसा ब्लूटूथ स्पीकर आणि त्यावरचे अभंग, हरिपाठ, कीर्तने.

घरात वायफायचा डबा आहे. सूनबाई आपल्या फोनवर अभंग लावतात आणि तो आजींच्या उशाशी ठेवलेल्या स्पीकरवर वाजतो. चार-पाच मिनिटे ठीक चालते. मग अडखळते, थांबते, कधी पुन्हा सुरू होते, कधी होत नाही. आजींना दिसत तर काही नाही. त्यांना एवढेच कळते की, सून उठून गेली आणि अभंग बंद झाला. नातू फोनवरून म्हणाला, मोठा प्लॅन घ्या. दुकानदार म्हणाला, स्पीकर बदला. कारभारी तीन-साडेतीन हजार रुपये काढायला तयार झाले होते. मी म्हटले, थोडे थांबा.

ठिबकच्या शेवटच्या ओळीला पाणी येत नसेल, तर आपण काय करतो? लगेच नळी फेकून नवी आणत नाही. आधी विहिरीला पाणी आहे का, मग मोटार, मग फिल्टर, मग मुख्य नळी आणि शेवटी तोट्या, असे क्रमाने पाहत जातो. जिथवर पाणी येते तिथवर सारे ठीक आणि पुढच्या तुकड्यात खोट, हे सरळ आहे. बिनतारी गाण्याचेही असेच असते.

या गाण्याला दोन पाट असतात. पहिला पाट बाहेरून तुमच्या फोनपर्यंत येतो. गाणे दूरच्या मोठ्या संगणकावर असते. तेथून ते तारेने तुमच्या वायफायच्या डब्यात आणि डब्यातून हवेतून फोनमध्ये येते. वायफाय नसेल, तर टॉवरवरून थेट फोनमध्ये येते. दुसरा पाट फोनपासून स्पीकरपर्यंतचा, तोही हवेतून. यालाच ब्लूटूथ म्हणतात. पुष्कळांची समजूत अशी की, स्पीकरच वायफायवरून गाणे ओढतो. काही महागडे स्पीकर तसे असतात. पण खेड्यापाड्यांत ब्लूटूथचेच स्पीकर जास्त आणि त्यांना गाणे पाजणारा असतो तो फोन. हे ध्यानात घेतले की अर्धे कोडे सुटते.

कोणता पाट फुटला हे ओळखायची रीत अशी. गाणे बंद पडते त्या जागीच बसावे. प्रथम ब्लूटूथ बंद करून ते गाणे नुसत्या फोनवर लावावे. तिथेही थांबले, तर खोट पहिल्या पाटात. स्पीकर निर्दोष आहे. फोनवर नीट वाजले, तर एखादे गाणे फोनमध्ये उतरवून घ्यावे, म्हणजे डाउनलोड करावे, इंटरनेट बंद करावे आणि ते स्पीकरवर लावावे. आता तुटले, तर खोट दुसऱ्या पाटात. पैसा खर्च होत नाही आणि दहा मिनिटांत निकाल लागतो.

कानालाही फरक कळतो. फोन पुढचे थोडे गाणे आधीच ओढून साठवून ठेवतो, जसे आपण वीज असते तेवढ्यात हौद भरून घेतो. त्यामुळे पहिला पाट फुटला, तर गाणे हौद संपेपर्यंत नीट चालते, मग एकदम गप्प होते, आणि पुन्हा सुरू झाले तर जिथे थांबले होते तिथूनच पुढे जाते. दुसऱ्या पाटात एवढा साठा नसतो. तिथे गाणे तुटक तुटक येते, उचकी लागल्यासारखे होते, मधले शब्द गळतात.

आमच्या तपासणीत काय निघाले ते ऐका. दगडी घरात डब्याजवळ नुसता फोन उत्तम वाजला. तोच फोन आजींच्या खोलीत नेला, तर दोन गाण्यांत गप्प झाला. म्हणजे पहिला पाट तिथवर पोचतच नव्हता. मग उतरवून घेतलेले गाणे लावले आणि फोन स्पीकरजवळ ठेवला. अर्धा तास खंड नाही. सूनबाई म्हणाल्या, "पण येरवी तर ह्ये बी तुटतंय." मी विचारले, एरवी फोन कुठे असतो? त्या म्हणाल्या, "माझ्या कमरेला." धारेची वेळ झाली की त्या गोठ्यात जातात आणि फोन त्यांच्यासोबत जातो. झाले, दोन्ही पाट फुटलेले सापडले.

आता कारणे पाहू. पहिल्या पाटाचे कारण भिंत. बिनतारी लहरी भिंतीतून जातात हे खरे. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अशा लहरी भिंतींपार पाठवून दूरच्या खोलीतली घंटा वाजवून दाखवली होती. (झाडांच्या संवेदनांवर काम करणारे ते हेच बोस.) पण जातात म्हणजे तेवढ्याच जोराने जातात असे नव्हे. जितकी भिंत जाड, जितकी ओलसर, तितकी लहर तिच्यात मुरते. आपल्याकडची अडीच फुटांची दगडी भिंत बरीच लहर खाऊन टाकते. पत्र्याची गोष्ट आणखी वेगळी. पत्रा लहर मुरवत नाही, परत फेकतो. आजींच्या खोलीला चारही बाजूंनी पत्रा. लहर शिरायची ती दारातून किंवा फटीतून.

त्यात आणखी एक गंमत. वायफायचा डबा ठेवला होता ज्वारीच्या कोठीमागे, जमिनीवर. कोठी पत्र्याची आणि दाण्याने गच्च भरलेली. डब्याच्या तोंडावर हात ठेवून वर त्याला बोल म्हणायचे, असा तो प्रकार. पुष्कळ घरांत हा डबा लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागे किंवा पाण्याच्या टाकीजवळ असतो. या सगळ्या जागा वाईट. डबा माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, मोकळ्यावर आणि जिकडे गाणे हवे तिकडच्या खिडकीजवळ असावा. आम्ही तो काढून अंगणाकडच्या खिडकीच्या वर फळीवर ठेवला. त्यासाठी चार हात वायर जास्त लागली, तेवढाच खर्च.

बऱ्याच डब्यांतून वायफायची दोन नावे दिसतात आणि एकाच्या शेवटी ५जी असे लिहिलेले असते. हे मोबाइलचे ५जी नव्हे. ते ५ गिगाहर्ट्झच्या लहरींचे नाव आहे. दुसरे नाव २.४ गिगाहर्ट्झचे. पाचवाली लहर वेगवान, पण भिंतीत लवकर दमते. दोन पूर्णांक चारवाली सावकाश, पण भिंत जरा बरी ओलांडते. गाण्याला वेग लागतच नाही. तेव्हा अंगणापलीकडे दोन पूर्णांक चारच धरावी. आजींच्या खोलीत फोन पाचवर अडकून बसला होता, तो बदलला.

मोठा प्लॅन घ्यावा का? गाण्यासाठी तरी नको. १६० किलोबिटने वाजणारे गाणे तासाला सुमारे ७२ एमबी ओढते. १० एमबीपीएसची साधी जोडणी असली, तरी अशी साठ गाणी एका वेळी चालावीत. मात्र संध्याकाळी घरात दोन-तीन मुले व्हिडिओ पाहत बसली, तर तोटीला पाणी कमी पडते. तेव्हा आधी पोरांकडे पाहावे, प्लॅनकडे नंतर.

ब्लूटूथचे म्हणाल, तर बहुतेक लहान स्पीकरची हद्द मोकळ्यावर १० मीटर, म्हणजे तीसेक फूट धरावी. मध्ये पत्रा किंवा भिंत आली की ती फार कमी होते. माणूस आडवा आला तरी फरक पडतो, कारण आपल्या अंगात पाणीच जास्त आणि पाणी ही लहर शोषून घेते. कमरेला खोचलेला फोन आणि पाठ स्पीकरकडे, तर मध्ये अख्खा माणूस आडवा. ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालते. तिथे वायफायची गर्दी असते, म्हणून ते एका सेकंदात १६०० वेळा जागा बदलत, पाखराने फांद्या बदलाव्यात तसे वाट काढत राहते. शहरातल्या नातेवाइकांकडे मायक्रोवेव्ह भट्टी लावली की गाणे अडखळते, तेही याचमुळे. ती भट्टी त्याच पट्ट्यात चालते.

मोटारीचा स्टार्टर पडला की पूर्वी रेडिओ खरखरत असे. म्हणून काही जण याही दुखण्याचे खापर मोटारीवर फोडतात. ते बहुधा बरोबर नसते. वीज मात्र एक खरे कारण आहे. दिवा क्षणभर मिचकावला तरी वायफायचा डबा बंद होऊन पुन्हा चालू होऊ शकतो, आणि त्याला जागेवर यायला दोन-चार मिनिटे लागतात. वारंवार असे होत असेल, तर डब्यासाठी लहान बॅटरी मिळते, ती घ्यावी; डबा १२ व्होल्टचा आहे की ९ चा, हे खाली लिहिलेले पाहूनच. आणि डब्यावर लाल दिवा लुकलुकत असेल, तर घरात काही शोधू नका. बाहेरची तार तुटली आहे. कुठे जेसीबी चालू आहे का तेवढे पाहा आणि तक्रार नोंदवा.

फोनमधलीही दोन कारणे सांगतो. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असेल, तर पडदा काळा झाल्यावर फोन स्वतःच गाण्याचे ॲप बंद करतो. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपपुरती ती सोय काढावी. दुसरे म्हणजे, कुणाचा फोन आला की गाणे थांबते आणि कधी कधी बोलणे संपल्यावर आपोआप सुरू होत नाही. हे तर आजींच्या घरी दिवसातून दहा वेळा होत होते.

एवढे सगळे कारभाऱ्यांना पटले. पण ज्यांना पटायला हवे होते, त्या आजी भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या. त्यांना दिसत नाही. मी कागदावर रेघा ओढून काय उपयोग? मी स्पीकर त्यांच्या मांडीवर दिला. सूनबाईंना म्हटले, फोनला बोट न लावता गोठ्यापर्यंत जा आणि चालताना बोलत राहा. त्या "आत्या, म्या दारात हाय, आत्या, म्या आता गोठ्यापाशी" असे म्हणत गेल्या. गोठ्याच्या कोपऱ्यावर अभंग तुटला. परत आल्या, तसा तो जुळला. तीनदा केले, तीनदा तेच. आजी म्हणाल्या, "हिच्या पावलासंगं जातोय की गं हा." मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. सूनबाई चहा ठेवायला म्हणून आत गेल्या.

नवे काहीच विकत आणले नाही. घरात काच तडकलेला एक जुना फोन पडून होता. त्यात सूनबाईंच्या मुलीने शे-दीडशे अभंग आणि कीर्तने उतरवली, आणि तो आजींच्या उशाशी कोनाड्यात स्पीकरजवळ ठेवून दिला. वायफाय असो, वीज असो वा नसो, तो वाजतो. तुमच्या स्पीकरला मेमरी कार्डाची खाच असेल, तर फोनचीही गरज नाही. कार्डावर गाणी भरून ते आत सरकवावे, म्हणजे दोन्ही पाटांची कटकटच मिटते. काही ॲपमधून उतरवलेली गाणी मात्र त्याच ॲपमध्ये वाजतात, कार्डावर जात नाहीत, हे आधी पाहून घ्यावे.

गेल्या आठवड्यात पुन्हा त्या बाजूला गेलो होतो. अंगणात पाऊल टाकताच हरिपाठ ऐकू आला. डबा अजून खिडकीवरच आहे. फक्त कुणीतरी त्यावर टॉवेल वाळत घातला होता, तो मी काढला.

उन्हाळी भुईमुगाच्या पिवळेपणाविषयी आलेली पत्रे पुढच्या अंकात घेतो.